सायकलवाले लक्ष्मणराव

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा रूम पार्टनर पेणच्या एका भंगारवाल्याच्या आवारात चांगले तासभर उभे होतो. मी पेणचा, तो रोह्याचा. दोघांनी मिळून एक सायकल बांधायची असं होस्टेलवरच ठरलं होतं. गिअर नाही, डिरेलर नाही. पुढे एक चेनचाक, मागे एक फ्रीव्हील, बस्स! खिशात पैसे मोजकेच. त्यामुळे फ्रेम जुनी घ्यायची आणि बाकीचे पार्ट एकेक करून जमवायचे, असा बेत होता.

भंगारवाल्याने तीन फ्रेम काढून भिंतीला टेकवून ठेवल्या. पहिली जुनी, काळी, दांडीची. अशी सायकल प्रत्येकाच्या आजोबांकडे असायची. दुसरी जाडजूड नळ्यांची, मागे शॉकअप असलेली. तिसरी अॅल्युमिनियमची, एका बोटावर उचलता येईल इतकी हलकी आणि झकास रंगाची. पार्टनरचे डोळे तिसरीवर खिळले. कोणता रंग भारी वाटतो, असं त्याने मला विचारलं आणि लगेच जीभ चावली. कारण मला लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नाही, हे त्याला माहीत आहे. फर्स्ट इयरला रेझिस्टरचे रंगीत पट्टे तोच मला वाचून दाखवायचा.

पेणच्या मुलाला ही अडचण जरा जास्तच जाणवते. आमच्याकडे घरटी नाही तरी गल्लीटी गणपतीचा कारखाना. आमच्याही घरी आहे. साच्यातून मूर्ती काढायची, वाळवायची, घासायची, मग रंगकाम आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आठवीत असताना मी एका मूर्तीच्या शेल्याला हिरवा समजून भलताच रंग देऊन ठेवला. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझी बदली साच्यांवर झाली. पुढे घरासमोरून दिवा-रोहा गाडी जाताना बघून रेल्वेचा ड्रायव्हर व्हायचं मनात घेतलं, तर त्या नोकरीला रंगदृष्टी लागते असं कळलं. तेव्हा इंजिनिअरिंग हे माझं पहिलं प्रेम नव्हे, हे इथेच कबूल करून टाकतो.

हे सगळं सांगतोय ते एका माणसासाठी. आपल्या होस्टेलच्या मागे टाकीखाली पंपाची खोली आहे. दाढी करताना नळाला पाणी आलं नाही की आपण सगळे त्या पंपाला शिव्या घालतो. पंपावर जे आडनाव लिहिलंय, त्या आडनावाच्या उद्योगाची सुरुवात पंपाने झाली नाही, इंजिनानेही झाली नाही. ती झाली सायकलच्या दुकानाने. आणि ते दुकान काढणारा माणूस त्याआधी चित्रकार होता होता राहिला होता, कारण त्याला रंग नीट ओळखता येत नव्हते!

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी. आडनाव मात्र आपल्या कोकणातलं, सिंधुदुर्गातल्या किर्लोशी गावावरून आलेलं. शाळेच्या पुस्तकांत लक्ष्मणरावांचं मन फारसं रमत नसे. त्यांना वेड दोन गोष्टींचं, चित्र काढायचं आणि यंत्र खोलून बघायचं. वडिलांना ही लक्षणं काही शुभ वाटली नाहीत. चार चौघांच्या मुलांसारखं शिकावं, नोकरीला लागावं, ही त्या काळच्या बापाची अपेक्षा. (आणि या काळच्याही!) पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशांचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव वडिलांच्या मनाविरुद्ध मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं गेली, आणि त्यांना अंशतः रंगांधत्व आहे हे उघड झालं. विचार करा, घरच्यांशी वाद घालून, भावाच्या पैशावर, परक्या शहरात जे शिकायला आलो, तेच आपल्या डोळ्यांना जमणार नाही! अशा वेळी माणूस घरी परत जातो. वडिलांचं बरोबर होतं असं मान खाली घालून सांगतो.

लक्ष्मणराव परत गेले नाहीत. रंग गेला, पण रेघ हातात होती. ती कोणी काढून घेतली नव्हती. त्यांनी यांत्रिक रेखाकला, म्हणजे आपलं मशीन ड्रॉइंग, मन लावून शिकायला घेतलं. तिथे रंगाचं काही काम नाही. दोन नळ्या कुठे मिळतात, दात्याला दाता कसा लागतो, आस सरळ आहे का, एवढंच बघायचं. आणि तेच त्यांना फार चांगलं दिसत होतं. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मशीन ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. हीच ती व्हीजेटीआय, जी आपल्यापैकी कित्येकांनी कॅप राउंडच्या फॉर्मवर पहिल्या नंबरला लिहिली होती आणि मग इथे आलो. १८८७ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती. शिकवता शिकवता लक्ष्मणराव तिथल्या यंत्रांवर हात चालवायला शिकले. मास्तर असूनही सगळ्यात जास्त शिकणारा विद्यार्थी तेच असावेत.

मुंबईतच एके दिवशी त्यांनी एक माणूस सायकल चालवत जाताना पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

आज आपल्याला यात काय विशेष, असं वाटेल. म्हणून त्या वेळची सायकल म्हणजे काय होती ते जरा बघू. त्याआधीच्या सायकलींना पुढे माणसाच्या छातीएवढं मोठं चाक असे आणि पायडल थेट त्या चाकालाच. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. जास्त वेग हवा तर चाक मोठं करा, आणि चाक किती मोठं करायचं हे तुमच्या टांगेच्या लांबीवर! वरून पडलं की थेट तोंडावर. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागचं चाक चेनने फिरवायचं. चेन आली तसा वेगाचा हिशेब चाकाच्या उंचीकडून दात्यांच्या संख्येकडे गेला. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आणि पुढच्या काही वर्षांत फ्रेमचा तो आकार पक्का झाला, जो भंगारवाल्याकडच्या काळ्या फ्रेमचा होता.

अप्लाइड मेकॅनिक्समध्ये आपण ट्रस शिकलो. चार दांड्या टोकाला पिनने जोडल्या तर चौकोन डुगडुगतो, तीन जोडल्या तर त्रिकोण हलत नाही. सायकलची फ्रेम म्हणजे असे दोन त्रिकोण, सीटची नळी दोघांत सामाईक. (पुढचा त्रिकोण खरं तर चौकोनच, कारण हँडलच्या नळीला थोडी उंची लागते. तिथे सांधे पक्के असल्यामुळे निभावतं.) गरज तेवढ्याच नळ्या आणि सांध्याला पितळाची झाळ. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, टायर, ब्रेक, सीट, सगळं बदललं, तरी रस्त्यावरच्या बहुतेक सायकलींचा सांगाडा तोच राहिला. मशीन ड्रॉइंगच्या मास्तरांनी मुंबईच्या रस्त्यावर ते यंत्र पाहिलं, तेव्हा त्यांना त्यातल्या रेघा दिसल्या असतील, असं मला उगाचच वाटतं.

त्या काळच्या सायकली सगळ्या एकाच गिअरच्या. फ्रीव्हीलसुद्धा सर्रास नव्हतं, ते एकोणिसावं शतक संपता संपता रुळलं. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच. उतारावर पाय वर घेऊन निवांत बसायची सोय नाही. सायकल चालवणं ही शिकायची विद्या होती.

आणि इथेच किर्लोस्कर बंधूंचं डोकं दिसतं. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईत सायकली घेत आणि बेळगावला पाठवत. रामुअण्णा तिथे त्या विकत. सायकलची किंमत तेव्हा ७०० ते १००० रुपयांच्या घरात. म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर मोठे अधिकारी, वकील, सावकार, इनामदार. असा माणूस हजार रुपये मोजून भर रस्त्यात पडायला तयार होईल का? म्हणून रामुअण्णा सायकल चालवायला शिकवायचेही. त्याची वेगळी फी, १५ रुपये. धोतराचा सोगा आवरत, एका हाताने पगडी धरत रामुअण्णांच्या आधाराने चाललेले एखादे रावसाहेब डोळ्यांपुढे आणा! नुसती वस्तू विकून भागत नाही, ती वापरायला माणूस तयार करावा लागतो, हा धडा दोघे भाऊ तिथे शिकले. तो पुढे फार कामाला आला. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. ज्या रस्त्यावर ते होतं, तो बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

इकडे व्हीजेटीआयमध्ये लक्ष्मणरावांची बढती होणार होती. ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. काम येत होतं, अनुभव होता, पण कातडीचा रंग आडवा आला. (रंगाने या माणसाला दोनदा अडवलं, एकदा डोळ्यांतल्या आणि एकदा कातडीच्या.) लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. हे १८९७ च्या सुमाराचं. पक्की नोकरी सोडून हा माणूस सायकलच्या दुकानात बसायला निघाला, हे ऐकून नातेवाइकांत काय चर्चा झाली असेल, ते प्लेसमेंटच्या सीझनला घरी फोन करणाऱ्यांना सांगायला नको.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. सायकलचं दुकान बरं चाललं होतं. पण सायकल त्यांची नव्हती. नळ्या परदेशी, चेन परदेशी, अख्खा सांगाडा परदेशी. इथे फक्त विकायची, शिकवायची, बिघडली तर दुरुस्त करायची. आपल्या देशात सायकली मोठ्या प्रमाणावर बनायला त्यानंतर बराच काळ लागला. सोनीपतच्या अॅटलसचं साल १९५१, लुधियानाच्या हीरोचं १९५६. तशी बिनसांध्याची पोलादी नळी त्या वेळच्या बेळगावात बनणं शक्य नव्हतं. लक्ष्मणराव सायकल बनवण्याच्या मागे लागले नाहीत. आपल्या हाताला काय बनवता येईल आणि आसपासच्या माणसाला काय लागतं, ही दोन वर्तुळं कुठे छेदतात ते त्यांनी शोधलं. बेळगावच्या भोवती वकील मूठभर, शेतकरी हजारो.

दुकानाला जोडून छोटं वर्कशॉप उभं राहिलं. एक लहान लेथ, एक ड्रिल मशीन, चालवायला लहानसं ऑइल इंजिन. आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपमधला एक कोपरासुद्धा त्यापेक्षा श्रीमंत आहे. तिथे आधी कडबा कापायचं यंत्र तयार झालं. मग लोखंडी नांगर, साल १९०३.

नांगराची गोष्ट मला सायकलपेक्षाही आवडते. परदेशी लोखंडी नांगर तेव्हा होते. पण तो तिकडच्या मातीसाठी आणि तिकडच्या घोड्यांसाठी. आपल्याकडे ओढणारा बैल, जमीन उन्हात फुटलेली आणि दुरुस्ती करणारा गावचा लोहार. अवजार जिथे वापरायचं तिथल्या मातीला, जनावराला, माणसाला जुळलं पाहिजे, हा लक्ष्मणरावांचा आग्रह. बाहेरचा नमुना त्यांनी जरूर पाहिला, पण सांगाडा इथल्या मापाने बसवायचा ठरवला.

एवढं करून नांगर तयार झाला आणि कोणी घेईना! लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, असा शेतकऱ्यांचा पक्का समज. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर चाललाय, आणि हा सायकलवाला आम्हाला शेती शिकवणार? पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण चार महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये प्रोजेक्ट चालला नाही तर विषय बदलून मागतो. रामुअण्णांनी रावसाहेबांना सायकल शिकवली होती, तसंच इथेही करावं लागलं. शेतावर जायचं, नांगर चालवून दाखवायचा आणि पीक हाती येईपर्यंत वाट बघायची. शेतकऱ्याला मूर्ख ठरवणं सोपं होतं. पण ज्याचं वर्षभराचं पोट एका पेरणीवर आहे, त्याने नव्या वस्तूला भ्यावं यात चूक ती काय? लक्ष्मणरावांना हे कळलं, म्हणून ते टिकले.

नांगराचा जम बसतोय तोवर दुसरं संकट आलं. बेळगावातल्या जागेवर कारखाना चालू ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. जागा सोडा, असा हुकूम. लक्ष्मणरावांचं वय चाळिशीला टेकलेलं. माल पडून, माणसं अवलंबून आणि लेथ कुठे ठेवायचा ते ठाऊक नाही.

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार होते. एका चित्रकाराने चित्रकला सोडाव्या लागलेल्या माणसाला आपल्या संस्थानात जागा देऊ केली. जागा कुठली, तर कुंडल रोड नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा माळ. नावात कुंडल आहे म्हणून आमच्या रोह्याच्या कुंडलिकेसारखं काही हिरवंगार असेल असा माझ्या पार्टनरचा समज झाला होता. तिथे होते निवडुंग आणि साप. पाऊस बेताचा, पाण्याची वानवा. १० मार्च १९१० या दिवशी तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली.

आधी निवडुंग तोडला, मग छपरं घातली, मग यंत्रं मांडली. सोबत आलेली माणसंही मुलखावेगळी. यंत्रांवर जादूगारासारखा हात चालणारे शंभोराव जांभेकर, हिशेब आणि संसार दोन्ही सांभाळणारे मंगेशराव रेगे, शिक्षण अर्धवट सोडून आलेले कल्पक अनंतराव फळणीकर, पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी. आजच्या भाषेत सांगायचं तर यातल्या निम्म्यांना एचआरच्या पहिल्या राउंडला बाहेर काढलं असतं. लक्ष्मणराव मार्कशीट बघत नसत, हात बघत. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणीचं काम दिलं आणि त्यांनी ते इमानाने केलं. वसाहतीत शिवाशीव चालणार नाही, असा नियम. १९१० च्या दशकातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्या.

पुढचा प्रवास आपल्या सिलॅबसमध्येच सापडेल. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं थांबलं आणि इथल्या अवजारांची मागणी वाढली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं, तेच पुढे नुसतं किर्लोस्कर म्हणून घराघरांत पोचलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेला एमआयटीत शिकायला गेले आणि इंजिनिअर होऊन परतले. १९२६ च्या सुमारास पंप आणि डिझेल इंजिन आलं. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवायचा कारखाना निघाला. म्हणजे ज्यांनी एका लहानशा परदेशी लेथवर सुरुवात केली, त्यांच्या घराण्यातून लेथच बाहेर पडू लागले! १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन्सची कंपनी झाली.

सगळंच गोड नव्हतं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावली. निवडुंग तोडून उभं केलेलं काम ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने जळालेलं पाहिलं. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनाचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे. पुणे-मिरज मार्गावर कधी गेलात तर खिडकीतून बघा.

त्यांच्या चरित्रातलं बाकी सगळं बदलत गेलेलं दिसतं. चित्रं गेली, मास्तरकी गेली, सायकली गेल्या, बेळगाव गेलं. एखाद्याने पार्ट बदलत जावेत तसं. पण सांगाडा तोच राहिला. वस्तू नीट बघायची, तिची रेघ समजून घ्यायची, ती कोण वापरणार ते विचारायचं आणि त्याच्या मापाला ती बसवायची. एवढ्या सांगाड्यावर त्यांनी आधी सायकलचं दुकान चढवलं, मग नांगर, मग अख्खं गाव.

आता भंगारवाल्याकडे परत येऊ, बिचारा अजून उभा आहे. लक्ष्मणरावांचं ऐकायचं तर रंग बघायचाच नाही. मग बघायचं काय? आम्ही तिन्ही फ्रेम उलट्या केल्या. शॉकअपवाली पहिली बाद. मागचा भाग वरखाली झाला की पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर बदलतं. गिअरच्या सायकलीत डिरेलरचा स्प्रिंगवाला हात ती ढिलाई ओढून घेतो. एकाच दात्याच्या चाकावर चेन खड्ड्यात उतरणार.

अॅल्युमिनियमची फ्रेम पार्टनरला सोडवेना. पण तिच्या मागच्या टोकाला चाकाचा आस बसायची खाच उभी होती. आस आत गेला की तिथेच बसला, चेन ताणायला मागेपुढे सरकायला जागाच नाही. शिवाय उद्या सांध्याला तडा गेला तर पेण-रोह्याच्या गॅस वेल्डिंगवाल्याकडे त्यावर इलाज नाही. बैलाला घोड्याचा नांगर जुंपल्यासारखं झालं असतं.

काळ्या फ्रेमची खाच आडवी. नट ढिले करा, चाक मागे ओढा, चेन ताठ झाली की आवळा, काम झालं. मग वाकली आहे का ते बघितलं. एक सुतळी मागच्या एका खाचेला बांधली, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजलं. एक मिलिमीटरही फरक नाही. सांध्यापाशी रंग फुगलाय का, तडा आहे का, ते नखाने खरवडून पाहिलं. खाली पायडलच्या आसाची नळी आतून बोट घालून गंजली आहे का बघितली. शेवटी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दांडीवर उभा राहिलो. दोन बोटं जागा उरली, म्हणजे माप बसलं. या सगळ्यात मला रंगाची गरज कुठेच पडली नाही. साच्यांवर बसून मूर्तीचा तोल आणि रेघ बघायची जी सवय लागली, ती मात्र पुरेपूर वापरली.

पार्टनर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. महिनाभरात सायकल उभी राहिली. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्याला चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, म्हणजे २८ इंची चाकाला सव्वापाच मीटरच्या वर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साधारण १९ किलोमीटर. कागदावर पेण ते रोहा दोन-सव्वादोन तास. प्रत्यक्षात वडखळला धूळ, नागोठण्याला वडापाव आणि भिसे खिंडीच्या चढावर खाली उतरून ढकलणं धरून चार तास लागले. खिंडीत एक गिअर पुरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण पलीकडच्या उतारावर फ्रीव्हीलचा कटकट आवाज ऐकत कुंडलिकेच्या दिशेने सुटल्यावर पार्टनरचा राग गेला.

सायकल आता होस्टेलच्या पार्किंगमध्ये असते, कुणीही न्यावी, हवा भरून परत लावावी. तिला अजून रंग दिलेला नाही. वडिलांनी विचारलं, कारखान्यात उरलेला रंग आहे, देऊन टाकू का? कोणता रंग ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गणपती झाल्यावर बघू म्हटलं.